टरफलाचं भाडं

पत्र आजरा तालुक्यातल्या एका सुनेचं आहे. थोडं आवरून देते.

"मावशी, डोंगरउतारावर आमची काजूची १४० झाडं आहेत. निम्मी कलमं, निम्मी गावठी. वर्षाला आठशे-साडेआठशे किलो बी होते. दोन वर्षांमागं दारातून १३० रुपयांनी गेली. यंदा व्यापारी ११० वर आला. म्हणाला, आफ्रिकेची बी बंदरात येऊन पडलीय, तुमची कोण घेतंय. वेंगुर्ल्याकडचा एक कारखाना किलोला आठ रुपये जास्त देतो म्हणतो, पण पिकअपवाला खेपेला साडेचार हजार मागतो. सासरे म्हणतात झाडं तोडून ऊस लावू. मुंबईचे भावजी म्हणतात कर्ज काढून कारखाना टाकू. आमचे हे म्हणतात, तुला पटेल ते कर. सरकार ही बाहेरची बी बंद का करत नाही? आणि आम्ही करावं तरी काय? ता. क. घरात थोडी बी फोडून बघितली तर हात काळे पडून सोलले. काय लावू?"

पोरी, आधी सासऱ्यांच्या हातातली कुऱ्हाड काढून कोपऱ्यात ठेव. तांबड्या मातीच्या उतारावर, जिथं काजू वर्षाला एक बेणणी आणि दोन फवारण्यांवर उभा राहतो, तिथं ऊस म्हणजे पाइप, मोटर, वीजबिल आणि रात्री गव्यांची राखण. हत्ती आला तर राखणसुद्धा घरात बसून करायची. पाण्याची सोय असेल तर खालच्या सपाट रानात ऊस लावा, हरकत नाही. डोंगर काजूलाच राहू दे.

आता तुझा व्यापारी. त्यानं खोटं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. मी बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात ग्रेडिंगला, म्हणजे निवडून प्रती लावायला, होते, त्यामुळं उरलेलं अर्धं मला सांगता येईल.

आयव्हरी कोस्ट, बेनिन, घाना, गिनी-बिसाऊ इथली बी फेब्रुवारीपासून निघते, म्हणजे आपल्याच हंगामात. ती जहाजानं मंगळूर, तुतिकोरिनला उतरते. टांझानियाची बी दिवाळीच्या पुढंमागं निघते. कच्च्या बीवर आपल्याकडं आयात शुल्क अगदी किरकोळ आहे: २०१८ च्या अर्थसंकल्पात ते ५ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांवर आणलं. तयार गराचं मात्र उलटं. २०१९ साली गरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्के केलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये किमान आयात किंमतही (त्याखालच्या भावानं गर आणायचाच नाही) बांधून दिली, अख्ख्या गराला किलोला ७२० रुपये आणि तुकड्याला ६८०. म्हणजे दार लावलंय ते गराला. बीला सताड उघडं आहे.

का उघडं? कारण देशातल्या कारखान्यांना जेवढी बी लागते त्यातली निम्म्याच्या आसपासच देशात पिकते. कोल्लम, मंगळूरचे मोठे कारखाने तर सोडच, आपल्या आजरा-चंदगडातले कारखानेसुद्धा जून-जुलैनंतर चालू राहतात ते बाहेरच्या बीवर. त्या कारखान्यांत कोण काम करतं? तुझ्यामाझ्यासारख्या बायका. मी स्वतः श्रावणात जी बी निवडली त्यातली कितीतरी पोती आफ्रिकेची होती, पोत्यावर फ्रेंच अक्षरं असायची. बी साफ बंद केली तर तुझ्या दारातला भाव वाढेल, आणि तुझ्या जावेची हजेरी बुडेल. शिवाय व्हिएतनाम २००६ पासून गराच्या निर्यातीत आपल्या पुढं गेलाय. आपण सोडलेली बी तो उचलणार, आणि गर करून जगाला विकणार. बंदीची मागणी करणाऱ्या मोर्चात मी गेले नाही ते एवढ्यासाठी. आपला हंगाम चालू असताना, मार्च ते मे, शुल्क चढं ठेवा आणि नंतर उतरवा, अशी मागणी असेल तर पहिल्या रांगेत येते.

गिऱ्हाइकाच्या बाजूनंही एक गोम आहे. दुकानातल्या पाकिटावर आफ्रिकेचं नाव तुला कधीच दिसणार नाही. अन्नपदार्थावर दुसऱ्या देशात प्रक्रिया होऊन त्याचं रूप बदललं, तर प्रक्रिया झाली तो देश मूळ देश धरायचा, असा लेबलचा नियम आहे. बेनिनची बी आपल्याकडं फुटली की भारतीय काजू. मग ती आंबोलीच्या वाटेवरच्या टपरीत "घाटावरचा अस्सल काजू" म्हणून बसते. आपल्या आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळं निदान नाव सांगून भांडता तरी येतं. आपल्या काजूचं तसं नाही.

हे दिल्लीचं झालं. तिथं तुझा माझा हात पोचत नाही. तुझ्या पत्रातली खरी गळती अंगणातच आहे, आणि ती कुठं आहे हे तुला दिसलेलं नाही, म्हणून जरा हिशेब मांडते.

झाडाखालची ताजी बी ओली असते. तीन दिवस खडखडीत उन्हात पडली की शंभर किलोची साधारण अठ्ठ्याऐंशी होते. ओली ११० नं विकलीस तर शंभर किलोचे ११,००० झाले. सुकवून १२५ नं विकलीस तर अठ्ठ्याऐंशी किलोचेही ११,०००. म्हणजे व्यापारी सुक्याला पंधरा रुपये जास्त देतो तेव्हा तो तुझ्यावर उपकार करत नाही, फक्त पाणी वजा करतो. आता वेंगुर्ल्याचा कारखाना आठ रुपये जास्त देतो म्हणालीस. ते ओल्याला का सुक्याला, हे तू लिहिलेलं नाहीस. बहुतेक विचारलंही नसशील. सुक्याला ११८ असतील तर अठ्ठ्याऐंशी किलोचे १०,३८४ होतात. दारातल्यापेक्षा सहाशे कमी, वर घाट उतरायचं भाडं!

ओल्याला असतील तर गोष्ट वेगळी. ८४० किलोला साडेचार हजार भाडं म्हणजे किलोला पाच रुपये छत्तीस पैसे. आठातून ते गेले की हातात अडीच रुपये आणि एका दिवसाची खोटी. तीच पिकअप शेजारच्या दोन घरांची बी घालून दीड टन भरली, तर भाडं किलोला तीन रुपये पडतं. पाच रुपये हातात राहतात, तुझ्या वाट्याला ४,२०० येतात. अर्धी भरलेली गाडी पाठवणं हा आपल्या भागाचा जुना रोग आहे. भावकीतलं बोलणं बंद असतं म्हणून दोन गाड्या एका दिवशी एकाच कारखान्याला जाताना मी बघितल्यात. (छोटा हत्ती करू नकोस, त्यात तुझी एकटीची बीसुद्धा नीट मावणार नाही. आपल्या तालुक्याला हत्ती तसेही पुरे झालेत.)

वाहतुकीत आणखी एक लक्षात ठेव. आपल्याकडून कोकणात, गोव्यात भाजी, दूध, कोंबड्या भरून गाड्या उतरतात आणि चढताना रिकाम्या येतात. म्हणून घाटाखाली जायला भाडं महाग आणि गडहिंग्लज-कोल्हापूरकडं यायला स्वस्त. त्या बाजूला माल पाठवायचा झाला तर संकेश्वर-बांदा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर परतीचे ड्रायव्हर थांबतात, त्यांच्याशी बोलून बघ. पिकअपवाल्यानं सांगितलेला आकडा आणि परतीच्या गाडीचा आकडा यातला फरक ऐकून तुझे डोळे उघडतील.

पण सगळ्यात मोठं भाडं तू भरतेस ते टरफलाचं. सुक्या शंभर किलो बीतून गर निघतो पंचवीस ते तीस किलो. बाकी टरफल आणि साल. तुझ्या घरची ८४० किलो ओली बी सुकून साडेसातशेच्या आत येते, त्यात गर दोनशे किलोच्या आसपास. म्हणजे गाडीतल्या चार पोत्यांतली तीन पोती तू कारखान्याच्या भट्टीसाठी भाडं भरून पोचवतेस. गर घरी असता तर दोनशे किलो एसटीच्या पार्सलनं, परतीच्या गाडीनं, मुंबईला जाणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतूनसुद्धा गेला असता.

इथं भावजींचं बोलणं येणार, कारखाना टाका म्हणून. थांब. दोन माणसांच्या कटिंगचा अगदी छोटा कारखानासुद्धा दिवसाला शंभरभर किलो बी खातो. तुझी सगळी बी आठ दिवसांत संपली. बँकेचा हप्ता वर्षाचे बाराही महिने. मग भावजी काय करणार? गावातली बी घेणार, तीही कमीत कमी भावानं. ती संपली की मंगळूरच्या दलालाला फोन लावून आफ्रिकेची मागवणार. ज्या दिवशी भावजी कारखाना टाकतील त्या दिवशी त्यांना बाहेरची बी स्वस्तच हवी असेल. हे त्यांना जेवायला बसल्यावर शांतपणे सांग. चिडतील, पण त्यांना पटेल.

सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगाच्या केंद्राच्या योजनेत ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान आहे हे खरं. पण ते कर्जाला जोडलेलं असतं. रक्कम बँकेत तुमच्या नावानं बाजूला राहते आणि तीन वर्षं खातं नीट चाललं तरच कर्जात वळती होते. अनुदान म्हणजे हातात पैसे असं समजून मशिनं बुक केलेली दोन घरं मला माहीत आहेत. आज ती मशिनं गोठ्यात आहेत.

यंदा एवढंच करा: दोनशे किलो सुकी बी जवळच्या कारखान्यात मजुरीवर फोडून घ्या. किलोमागं मजुरी ठरवायची, गर आपला, टरफल त्यांचं किंवा आपलं ते आधी बोलायचं. पन्नास-साठ किलो गर हातात येईल. तो भावजींनी मुंबईत विकून दाखवावा. आजऱ्या-गडहिंग्लजची अर्धी माणसं मुंबईत आहेत, गणपतीला आणि दिवाळीला गावचा काजू कुणाला नको असतो? साठ किलो विकताना दम लागला तर कारखान्याचा हजारो किलो गर कसा विकणार, हे त्यांचं त्यांना कळेल. आणि हसत हसत खपला तर पुढच्या साली मी स्वतः कर्जाच्या अर्जाला साथ द्यायला येते.

फोडायला देण्याआधी बी वेगळी कर. या एका गोष्टीवर मी कितीही बोलू शकते, कारण माझं अर्धं आयुष्य त्यात गेलं. तुझी निम्मी झाडं कलमं आहेत म्हणालीस, म्हणजे बहुतेक वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ असणार. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे, ह्या जाती तिथल्या. वेंगुर्ला-४ ची बी साधारण पावणेआठ ग्रॅमची, म्हणजे किलोत एकशे तीस. वेंगुर्ला-७ ची दहा ग्रॅमची, किलोत शंभर. गावठी बी किलोत दोनशेच्या आसपास. आफ्रिकेची बहुतेक बी १८० ते २१० बसते. आता काजूगराला २१०, २४०, ३२० असे जे नंबर म्हणतात, ते एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, किती गर बसतात त्याचे. नंबर जेवढा लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. गावठीचा आणि आफ्रिकेचा गर ३२० च्या आसपास जातो. वेंगुर्ला-४ चा २१० ला बसतो, सातचा १८० ला.

म्हणजे आफ्रिकेच्या बीशी झुंज आहे ती तुझ्या गावठी बीची. तुझ्या कलमांच्या बीशी तिची बरोबरीच नाही. आणि तू काय करतेस? दोन्ही एका पोत्यात भरतेस. व्यापारी सगळ्याला गावठीचा भाव लावतो, आणि कारखान्यात आमच्यासारख्या बायकांकडून ती चाळून घेतो. ती चाळणी तुझ्या पडवीत फिरली पाहिजे. पुढच्या हंगामात पहिल्या वेचणीपासून दोन ढीग ठेव. व्यापारी आला की त्याच्यासमोर किलोभर बी मोज, किती नग भरतात ते मोठ्यानं म्हण. मग पन्नास बिया कापून बघ: पांढरा भरीव गर किती, डागी किती, पोकळ किती. कारखाने बाहेरची बी घेताना हेच करतात, नग आणि कापणी. आपल्या बायकांसमोर कुणी ते करत नाही, नुसती मूठभर बी खुळखुळवून भाव सांगतात. मला एका मोठ्या खरेदीदारानं एकदा तोंडावर सांगितलं होतं, की वेगळी केलेली बी आणतील त्या दिवशी मी पाच-दहा रुपये वाढवीन, पण आणतंय कोण?

सुकवण्यानं लगेच पैसे वाढत नाहीत हे वर दाखवलं. पण सुकी बी थांबू शकते, ओली थांबत नाही. एप्रिल-मेमध्ये सगळा तालुका एकदम विकायला काढतो, कारण लग्नं, शाळेची फी आणि डोक्यावर आलेला पाऊस. त्या गर्दीतून निम्मी बी बाहेर काढायची तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे, बाजार समित्यांमार्फत चालते आणि काजू बी तिच्यात बसते. गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिने मुदत, वर्षाला ६ टक्के व्याज. समज, साडेतीनशे किलो सुकी बी १२५ च्या हिशेबानं ठेवलीस. किंमत झाली ४३,७५०, कर्ज मिळालं बत्तीस हजारांच्या पुढं, सहा महिन्यांचं व्याज हजाराच्या आत. किलोला तीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. तुमच्या बाजार समितीत ही योजना सुरू आहे का, ते मार्चच्या आधी जाऊन विचार, मेमध्ये नको. बी घरात ठेवायचा विचार मात्र करू नकोस. आजऱ्याच्या पावसात पोतं भिंतीला टेकलं तरी बी ओल धरते, गर पिवळा पडतो. गडहिंग्लजच्या बाजूला पाऊस कमी, गोदाम तिकडचं बघ.

सगळी बी मात्र ठेवू नकोस. दिवाळीच्या आधी गराला मागणी चढते खरी, पण जून-जुलैत आफ्रिकेचं जहाज भरून आलं तर बीचा भाव पडूही शकतो. निम्मी विकायची, निम्मी ठेवायची. पोरांच्या फीचे पैसे तारणात अडकवायचे नाहीत.

आता एक खडसावणं. २०२४ च्या हंगामासाठी राज्य सरकारनं काजू बीला किलोमागं १० रुपये अनुदान जाहीर केलं होतं, किमान ५० आणि कमाल २,००० किलोपर्यंत. तुझ्या ८४० किलोचे ८,४०० झाले असते. पत्रात त्याचा उल्लेख नाही, त्यावरून मला वाटतं घरात कुणी अर्जच केला नाही. किंवा केला आणि सातबाऱ्यावर काजूची नोंद नव्हती, नाहीतर विक्रीची पावती नव्हती. दारातून बी नेणारा व्यापारी काय देतो? सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर लिहिलेला आकडा. पुढं अशी योजना परत आली, किंवा गोव्यासारखा आधारभाव आपल्याकडं लागला (तिथं २०२३ मध्ये किलोला १२५ चे १५० केले), तर कागद नसलेल्याला त्यातला छदामही मिळणार नाही. ई-पीक पाहणीत (मोबाईलवरून करायची पिकाची नोंद) काजू लाव, झाडांचा आकडा घाल. जमीन सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांना मोबाईल घेऊन डोंगरावर घेऊन जा, तेवढंच झाडांकडं प्रेमानं बघतील. आणि पावती दिल्याशिवाय पोतं उचलू देऊ नकोस. आजरा, चंदगड हे दोन तालुके कोकणाबरोबर काजूच्या विकास योजनेत २०२३ पासून घेतलेले आहेत, तेव्हा तालुका कृषी कार्यालयात "आम्ही घाटावरचे" म्हणून मागच्या बाकावर बसू नका.

गावठी झाडांचं काय, हे तू विचारलं नाहीस तरी सांगते, कारण सासऱ्यांची कुऱ्हाड कुठंतरी वापरायला हवी. म्हातारी, कमी धरणारी दहाच झाडं निवडा. गुडघा-कमरेच्या मध्ये कापून नव्या फुटव्यांवर वेंगुर्ल्याची कलमं बांधून घेता येतात. दोन-तीन वर्षांत धरतात. खोडकिडा मात्र अशा झाडांवर तुटून पडतो, बुंध्यावर डोळा ठेवायला लागतो. दहा जगली तर पुढची दहा.

बोंडांचं, म्हणजे बीला धरून येणाऱ्या फळांचं, मी काही लिहीत नाही. साडेआठशे किलो बीमागं सहा-सात टन बोंड झाडाखाली कुजतं, पण ते एका दिवसात नासतं आणि घरच्या घरी त्याचं करण्यासारखं फार काही नाही. गुरांना घाला.

आणि तुझे हात. टरफलातलं तेल जाळतं, नुसतं काळं करत नाही. फोडायच्या आधी दोन्ही हातांना एरंडेल किंवा खोबरेल चांगलं चोळायचं, वरून चुलीची चाळलेली राख. मधून मधून पुसून परत लावायचं. आम्ही सगळ्या हेच करत होतो. हातमोजे मिळाले तर अजून बरं. आता सोललंय तिथं काही दिवस बी फोडू नकोस, फोड आले असतील तर दवाखान्यात दाखव. पोरांना डोळे चोळू देऊ नकोस. आणि बी चुलीत भाजून बघायची हौस असेल तर अंगणात, वारा पाठीला घेऊन उभं राहून. घरात भाजलीस तर धुरानं सासरे डोंगरावर पळतील, आणि जाताना कोपऱ्यातली कुऱ्हाडही उचलतील.